दात्याच्या फुप्फुसाला सरफॅक्टंटचा आधार

मेंदूमृत दात्याची मूत्रपिंडे आणि यकृत बहुधा कामी येतात. फुप्फुसे मात्र अनेक देशांत पाचांपैकी जेमतेम एका दात्याचीच घेतली जातात. मेंदूमृत्यूच्या वेळी शरीरभर दाह उसळतो, पोटातले आम्ल श्वासनलिकेत उतरते, व्हेंटिलेटरच्या दाबाने वायुकोश ताणले जातात. काढलेले फुप्फुस थंडीत ठेवून नेतात आणि रुग्णाच्या छातीत रक्त पुन्हा खेळू लागले की आणखी इजा होते. या साऱ्यात सरफॅक्टंट निकामी होते.

सरफॅक्टंट म्हणजे वायुकोशांच्या आतल्या ओलाव्यावर पसरलेला स्निग्ध थर. सुमारे ९० टक्के मेद, उरलेली प्रथिने. तो पृष्ठताण कमी करतो, म्हणून श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून जात नाहीत. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या श्वसनत्रासामागे याचीच कमतरता असल्याचे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेले सरफॅक्टंट अशा बाळांना दिले आणि उपचाराची वाट खुली झाली.

दात्याच्या फुप्फुसाचा प्रश्न थोडा वेगळा. बाळात सरफॅक्टंट पुरेसे तयारच झालेले नसते. इथे ते असते, पण रक्तातून झिरपलेली प्रथिने ते नासवतात. वरून नवे ओतले तर त्याचीही तीच गत होऊ शकते. म्हणून आधी फुप्फुस धुणे महत्त्वाचे. ही सोय शरीराबाहेरच्या यंत्रामुळे झाली. स्वीडनमधील लुंडचे स्टिग स्टीन आणि पुढे टोरांटोचे शल्यचिकित्सक यांनी ते तंत्र रुळवले. पारदर्शक घुमटाखाली ठेवलेल्या फुप्फुसातून पंपाने ३७ अंशांचा द्रव फिरवतात, व्हेंटिलेटरने हवा भरतात. ब्रॉन्कोस्कोप आत घालून सलाइनने आम्ल धुतात, मग सरफॅक्टंट सोडतात. टोरांटोत डुकरांच्या आम्लाने भाजलेल्या फुप्फुसांवर हा क्रम वापरला, तेव्हा प्रत्यारोपणानंतर ती रक्तात अधिक ऑक्सिजन पोचवू लागली.

माणसांत जर्मनीतील हॅनोव्हरसारख्या ठिकाणी छोट्या चाचण्या झाल्या, पण हा नेहमीचा उपचार झालेला नाही. एक अडचण तर साधी हिशेबाची आहे. नवजातासाठीच्या ३ मिलीच्या कुपीत २४० मिलिग्रॅम औषध असते. किलोला १०० मिलिग्रॅम धरले, तर ७० किलोच्या दात्याला अशा सुमारे ३० कुप्या लागतील. शिवाय न्यूमोनिया किंवा एम्फिसिमाने पोखरलेल्या फुप्फुसाला सरफॅक्टंट वाचवू शकत नाही.