धावल्याने गुडघे झिजतात का?

दिघाशीसारख्या गावातील मुले पोलीसभरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करू लागली, की वडीलधारी माणसे बजावतात, "गुडघे झिजतील!" हे खरे आहे काय?

धावताना पाऊल टेकते तेव्हा पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येते; ६० किलोच्या मुलावर १५० किलो वजनाइतके! बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ४२.७५ किलोमीटर धावले. एका पावलाला एक मीटर धरला, तर हे धक्के जवळजवळ ४३ हजार होतात. झेल घेताना आपण हात मागे नेतो, तसा गुडघा किंचित वाकून धक्क्याचा काळ वाढवतो व बल कमी करतो.

पण गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस नव्हे. त्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाब पडून सुटला, की स्पंजाप्रमाणे सांध्यातील द्रव आत-बाहेर होतो व तिचे पोषण होते. २०१७ साली अनेक पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासात गुडघ्याच्या वा खुब्याच्या झिजेचे प्रमाण न धावणाऱ्यांत १०.२, हौशी धावपटूंत ३.५, तर स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळले. अर्थात, गुडघा दुखणारा माणूस धावणेच सोडतो, हेही ध्यानात घ्यायला हवे.

तेव्हा मित्रांनो, जरूर धावा. मात्र अंतर हळूहळू वाढवा आणि सांधा दुखला किंवा सुजला, तर थांबा.