गराजची फरशी आणि खालची ओल

गराजमध्ये टाईल्स बसवायच्या ठरल्या की आपण दुकानात जाऊन रंग आणि नक्षी पाहू लागतो. खरा प्रश्न मात्र टाईलच्या खाली असतो. काँक्रीट दगडासारखे दिसले तरी सच्छिद्र असते. अमेरिकेतल्या पुष्कळ जुन्या घरांत गराजच्या स्लॅबखाली प्लास्टिकचा थर नसतो. मग मातीतली ओल वाफेच्या रूपाने वर येत राहते. उघड्या स्लॅबवरून ती उडून जाते. व्हिनाइल चिकटवले की तिची वाट बंद होते. ती काँक्रीटमधला क्षार घेऊन गोंदापर्यंत पोचते, गोंद मऊ पडतो आणि टाईल्स सुटतात. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो, तसा पांढरा थर स्लॅबवर दिसला तर सावध व्हावे.

पण ओली दिसणारी प्रत्येक फरशी खालूनच ओलावते असे नाही. वसंतात थंड स्लॅबवर दमट हवा आली की दव धरते. फरक ओळखण्यासाठी १८ इंच चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने पक्के चिकटवून निदान १६ तास ठेवावे. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब आले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल जमिनीतली. फक्त वरचे अंग ओले झाले, तर हवेतली. खाली कोरडे निघाले तरी निर्धास्त होऊ नये, कारण ओल खोलवर असू शकते. म्हणून व्हिनाइल लावण्यापूर्वी स्लॅबला भोक पाडून, जाडीच्या ४० टक्के खोलीवर, म्हणजे ४ इंची स्लॅबमध्ये १.६ इंचांवर, आतली सापेक्ष आर्द्रता मोजून घ्यावी.

उपाय घराबाहेरून सुरू करावा. छपराच्या पन्हळीचे पाणी पायाशी पडू देऊ नये. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमिनीला ६ इंच उतार हवा. त्यानंतरही ओल राहिली, तर सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली पोर्सलिन टाईल व्हिनाइलपेक्षा ती बरीच सहन करते. थंड प्रदेशात अशीच टाईल घ्यावी, ती ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाही, त्यामुळे गोठून फुटण्याची भीती कमी. व्हिनाइलच हवे असेल, तर स्लॅब यंत्राने घासून ओलरोधक इपॉक्सीचा थर द्यावा लागतो. त्याआधी जुन्या ९ इंची टाईल्स निघाल्या, तर त्या घासू वा फोडू नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. आधी तपासून घ्यावे.

काम कंत्राटदाराला दिलेत, तर आर्द्रतेचे आकडे लेखी मागा. टाईल्स उखडल्यावर गोंदाच्या हमीचा प्रश्न निघतो, तेव्हा पहिल्यांदा तेच विचारले जातात.