कपाटामागची माणसं – लेखांक ४ : ॲननं हाती घेतलेलं काम

मागच्या लेखात आपण फ्रँक कुटुंबाबरोबर ॲमस्टरडॅममधल्या प्रिन्सेनग्राख्ट २६३ या इमारतीपर्यंत आलो. ६ जुलै १९४२ ला ते मागच्या भागात लपले. पुढे व्हान पेल्स कुटुंबातले तिघं आणि दातांचे डॉक्टर फ्रिट्झ फेफर आले. एकूण आठ जण झाले. आज त्यांतल्या सर्वांत धाकट्या मुलीविषयी, ॲनविषयी.

ॲनचं नाव निघालं की माणसाच्या चांगुलपणावरचं तिचं एक वाक्य हटकून सांगितलं जातं. ते सुंदर आहेच. पण तिची आशा खरी दिसते ती तिच्या कामात.

हे काम चाललं ती जागा कशी होती? खाली ॲनच्या वडिलांच्या, ऑटो फ्रँक यांच्या व्यवसायाचं गोदाम. वर माणसं राहतात याचा तिथल्या कामगारांना पत्ता नव्हता. म्हणून दिवसा नळ सोडायचा नाही, संडासात पाणी सोडायचं नाही, बूट घालून चालायचं नाही, खोकलासुद्धा दाबायचा. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा सांगतात की त्या दोन वर्षांत ॲनची उंची तेरा सेंटिमीटरहून जास्त वाढली. खोली फेफरांबरोबर वाटून घ्यावी लागे. आठवड्यातून दोन दुपारी लिहिण्याचं टेबल जास्त वेळ मिळावं म्हणून ती त्यांच्याशी भांडली. शेवटी वडिलांना मध्ये पडावं लागलं.

२८ मार्च १९४४ ला लंडनहून रेडिओवर निर्वासित डच सरकारचे मंत्री गेरिट बोल्केस्टाइन बोलले. युद्ध संपल्यावर सामान्य लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जातील, ती जपून ठेवा, असं त्यांचं आवाहन होतं. ॲननं ते मनावर घेतलं. २० मेपासून तिनं आपली डायरी पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. ऑफिसमधल्या सुट्या कागदांवर, सुमारे दहा आठवड्यांत, दोनशेहून अधिक पानं! काही नोंदी गाळल्या, काही नव्यानं रचल्या, सोबतच्या माणसांना टोपणनावं दिली आणि पुस्तकाचं नावही ठरवलं. हे करताना ती पंधरा वर्षांची होत होती.

डायरी मन मोकळं करायलाही लिहिता येते. पण वाचकासाठी वाक्य दुरुस्त करायचं, तर उद्या वाचक असेल, असं धरून चालावं लागतं. ज्या राजवटीनं तिचं जगणंच गुन्हा ठरवलं होतं, तिच्या डोळ्यांआड ही मुलगी युद्धानंतरच्या वाचकासाठी लिहीत होती. भीती तिला होतीच, तसं तिनं लिहिलंही आहे. तरी ती रोज लिहायला बसली, हे तिचं धैर्य.

पुनर्लेखन २९ मार्च १९४४ च्या नोंदीपर्यंत पोचलं होतं. ४ ऑगस्टला पोलीस आले. आठही जणांना पकडून नेलं. १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत, थोरली बहीण मार्गोटच्या पाठोपाठ, ॲन मरण पावली. आठांपैकी एकटे ऑटो फ्रँक वाचले. २५ जून १९४७ ला डायरी पुस्तकरूपात आली, तिनं ठरवलेल्याच नावानं.

जप्तीच्या वेळी जमिनीवर विखुरलेली ती पानं गोळा केली मीप खीस आणि बेप व्होस्कायल या ऑफिसमधल्या दोघींनी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ जणांना पंचवीस महिने कसं जगवलं, ते पुढच्या आठवड्यात.