वाहकांचे गणित: सिकलसेलपासून गुलाबी बोंडअळीपर्यंत

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. येथील मराठी वस्तीचे विदर्भाशी असलेले नाते त्या काळापासूनचे. राज्यांच्या सीमा पुढे बदलल्या, मात्र सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाने त्या कधीच मानल्या नाहीत. छत्तीसगढ आणि पूर्व विदर्भ हा त्याचा सलग पट्टा आहे. त्यामुळे या भागात सोयरीक जुळवताना पत्रिकेइतकाच, किंबहुना अधिक, रक्ततपासणीचा कागद महत्त्वाचा ठरतो.

या दोषाचे जनुक आई व वडील दोघांकडूनही आले तरच मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती वाहक असते. वाहक सहसा निरोगी असतो आणि त्याला रुग्ण म्हणणे चुकीचे आहे. समाजात असे जनुक किती प्रमाणात आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलते, हे मोजणारे शास्त्र म्हणजे समष्टी आनुवंशिकी. तिचा पाया 1908 मध्ये हार्डी व वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या साध्या हिशेबावर उभा आहे.

समजा, 100 जणांच्या तपासणीत 80 निर्दोष, 19 वाहक आणि 1 रुग्ण आढळला. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण 200. त्यांपैकी सदोष प्रती 19 अधिक 2, म्हणजे 21. प्रमाण साडेदहा टक्के. विवाह जनुकनिरपेक्ष होत असतील, तर रुग्णांचे अपेक्षित प्रमाण या संख्येच्या वर्गाइतके, सुमारे 1.1 टक्के येते आणि वाहकांचे सुमारे 18.8 टक्के. दवाखान्यात एक रुग्ण दिसतो तेव्हा त्यामागे गावात सतरा-अठरा वाहक असतात. दोन वाहकांचा विवाह टळला तर रुग्ण बालक जन्मत नाही, पण जनुक समाजातून नाहीसे होत नाही. पुढच्या पिढीची तपासणी म्हणूनच थांबवता येत नाही.

जिल्ह्याची सरासरी मात्र जपून वापरावी लागते. सारख्या लोकसंख्येचे दोन समाज आपापल्यातच विवाह करतात, एकात सदोष जनुक 20 टक्के आणि दुसऱ्यात शून्य, असे धरा. सरासरी 10 टक्के, म्हणून रुग्ण 1 टक्का अपेक्षित. प्रत्यक्षात ते 2 टक्के, आणि सर्व एकाच समाजात. ज्या आकड्यावर औषधसाठा ठरायचा तो निम्म्याने चुकतो.

एवढे घातक जनुक टिकले कसे? वाहकांना तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते, याचा पुरावा ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिला. थॅलेसेमियाबाबत तशीच कल्पना हाल्डेन यांनी 1949 मध्ये मांडली होती. हे हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. कीटकशास्त्राशी त्यांचे नाते त्याहून जुने. इंग्लंडच्या औद्योगिक भागात काळे पतंग ज्या वेगाने वाढले, त्यावरून काळ्यांना फिकट पतंगांपेक्षा सुमारे दीडपट लाभ मिळत असला पाहिजे, असे त्यांनी 1924 मध्ये गणिताने दाखवले. उत्क्रांतीला असा आकडा मिळाला.

हेच गणित विदर्भातील कापसाच्या शेतात कामास येते. गुलाबी बोंडअळीतील बीटी-प्रतिकाराचे जनुकही बहुतांशी अप्रभावी असते. ते हजार प्रतींत एक असेल, तर पूर्ण प्रतिकारक अळी दहा लाखांत एक आणि वाहक अळ्या हजारात दोन. झाडातील विष पुरेसे तीव्र असल्यास वाहक मरतात. वाचलेल्या एखाद्या प्रतिकारक पतंगाला जोडीदार मिळायला हवा तो बिगर-बीटी झाडांवर वाढलेला. त्यांची संतती वाहक होते आणि बीटी झाडावर मरते. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत येणाऱ्या 120 ग्रॅमच्या 'रेफ्युजी' पुडीचे काम एवढेच होते.

ती पुडी बहुतेक ठिकाणी पेरलीच गेली नाही. दोष केवळ शेतकऱ्यांचा नाही. शेताचा पाचवा हिस्सा अळ्यांसाठी का सोडायचा, हे कोणी हिशेबासह क्वचितच समजावले. बीटी कापसाला परवानगी 2002 मध्ये मिळाली. 2010 मध्ये गुजरातमधील चार जिल्ह्यांत पहिल्या विषाला प्रतिकार जाहीर झाला. 2006 पासून दोन विषांची वाणे आली होती, पण 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी त्यांच्याच बोंडांत अळ्या पाहिल्या. दुसरीकडे अमेरिकेने बीटी कापूस, वंध्य पतंग सोडणे आणि इतर उपाय एकत्र राबवून 2018 मध्ये आपल्या कापूसक्षेत्रातून या किडीचे उच्चाटन जाहीर केले.

शेतात अळी दिसू लागते तोवर प्रतिकारक जनुक कित्येक पिढ्या वाहकांत दडून वाढलेले असते. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्याने केवळ सडलेली बोंडे मोजून भागत नाही. हिरव्या बोंडांतून जिवंत अळ्या गोळा करून, गाव व तारखेच्या नोंदीसह प्रयोगशाळेत पाठवल्या, तर तेथे त्यांच्या संततीची विषचाचणी होते आणि प्रतिकाराचे प्रमाण वर्षागणिक मोजता येते.