साहेबाची द्राक्षे आणि आपली द्राक्षे

घरोघर पणत्या लागतात त्या सुमारास तासगाव, पलूस, मिरज भागांत द्राक्षबागांची फळछाटणी उरकत आलेली असते. साताऱ्याकडे खटाव-माणातही हीच लगबग. छाटणीनंतर नवी फूट येते आणि तिच्यामागून डावणी व भुरी हे रोगही येतात. आभाळ भरून आले की बागाईतदाराच्या पोटात गोळा उठतो आणि पहाटेच औषधाचा पंप सुरू होतो. त्याला दोष देऊ नये. एका अवकाळी पावसाने त्याची वर्षाची कमाई जाते. परंतु वाचकहो, त्या औषधातले आपल्या ताटात किती येते, हे आपण विचारावयास नको काय?

२०१० साली हा प्रश्न युरोपने विचारला. वेलीची वाढ आवरून घड अधिक यावेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश भारतीय द्राक्षांत सापडला. तेथील मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत अवघा एक ग्रॅम! कंटेनर अडकले, बागाईतदार हवालदिल झाले. आपल्याकडे तपासावयाच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हते. जे शोधलेच नाही ते सापडावे कसे?

वास्तविक निर्यातीसाठी २००३-०४ च्या हंगामापासून चोख व्यवस्था आहे. बागेची नोंद होते, तोडणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्यावर देखरेख असते. नमुना कसोटीस उतरला नाही, तर त्या बागेचा माल युरोपला जात नाही.

आपल्या बाजारासाठीही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली मर्यादा ठरल्या आहेत, अधूनमधून नमुनेही घेतले जातात. मात्र मंडईतल्या द्राक्षांवर बागेचे नाव नसते आणि प्रत्येक बाग तपासण्याची सक्तीही नाही.

द्राक्षे वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत, हे गृहिणींना सांगावयास नको. त्याने सालीवरचे पुष्कळसे निघते. वेलीत भिनलेले निघत नाही. खरा उपाय बागेतच आहे: शेवटची फवारणी आणि तोडणी यांमधले ठरलेले दिवस पाळणे, फवारणीची वही ठेवणे. साहेबासाठी ती वही ठेवणारे हात आपलेच आहेत. आपल्या मुलांसाठीही ती ठेवा, एवढे मागणे आपण मागितले पाहिजे.