हौस असावी, पण डबी पारखून



"नटण्यामुरडण्यात काय ठेवलंय?" असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात खरी. पण आपल्या पणजीची फणेरपेटी आठवा. झाकणाला आतून आरसा, आणि खणांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ. संसाराच्या रगाड्यात तेवढा घटकाभर वेळ तिचा स्वतःचा असे. ही हौस जुनी आहे आणि तिच्यात वावगं काही नाही. बदललं आहे ते डबीतलं द्रव्य. त्याविषयीच आज चार शब्द.

प्रथम कुंकू. हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल होतो आणि त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा होतो, हे आपण सगळ्याच जणी पाहतो. क्षार लागला की हळदीतलं पिवळं द्रव्य रंग पालटतं. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. हळदीच्या याच गुणावर जुनं कुंकू होई. हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांचं पुट देत, वाळवत आणि कुटत. बाजारातलं स्वस्त कुंकू मात्र पुष्कळदा पिठात रासायनिक रंग कालवून केलेलं असतं. कपाळाला खाज सुटली, तर ते कुंकू बंद करावं. शेंदूर तर परंपरेनं शिशापासून होतो. तो देवाच्या मूर्तीला ठीक, पण अंगाला लावू नये आणि पोरांच्या हाती लागू देऊ नये.

आता टिकली. ती सोयीची खरी, पण तिच्या मागचा डिंक झाडाचा नसतो. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात असं रसायन असतं की त्यानं कातडीचा रंग जातो आणि कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग उमटतो. मग गावात कुजबूज सुरू होते, मुलीचं लग्न अडतं. मंडळी, हा डाग म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तो शिवल्यानं पसरत नाही. टिकली ताबडतोब बंद करावी आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. डाग नसला, तरी रात्री टिकली काढून कपाळ धुवावं, हे बरं.

मेंदीचं पाहा. खरी मेंदी पाल्याची. तिचा रंग प्रथम नारिंगी दिसतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो. तासाभरात काळाभोर रंग देणारी 'काळी मेंदी' मिळते, तिच्यात बहुधा केस काळे करण्याचं रसायन असतं. त्यानं हातावर फोड येतात. शिवाय एकदा ते बाधलं, की पुढे केसांचा कलपही बाधू शकतो. नवरीच्या हातावर लग्नाच्या दिवशी फोड का यावेत? दोन दिवस आधी पाल्याची मेंदी लावा, रंग आपोआप खुलेल.

शेवटी काजळ. तुपाच्या दिव्यावर धरलेली काजळी वेगळी आणि दगडाचा सुरमा वेगळा. काही सुरम्यांत शिसं असतं, आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत घरचं काय किंवा विकतचं काय, काहीच घालू नये. मोठ्यांनीही एकमेकींची कांडी वापरू नये, त्यानं डोळे येतात.

प्रसाधनाच्या रंगात शिसं घालायला आपल्या कायद्यानं बंदी आहे. म्हणून जत्रेत, आठवडी बाजारात डबी घेताना ती उलटी करून पाहावी. करणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असावी. आईला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकीनं वाचून दाखवावं. तेवढं पाहून घेतलं, की मग मनसोक्त नटा. गजरा माळा, मेंदी रंगवा, आणि कुणी हसलं तर हसू द्या!