मिनिडिस्क वादक

मिनिडिस्क वादक : छोट्या चुंबकीय-प्रकाशीय तबकडीवर ध्वनीचे अंकीय मुद्रण व पुनरुत्पादन करणारे सुवाह्य उपकरण. जपानच्या सोनी कंपनीने ही पद्धती १९९१ मध्ये जाहीर केली व १९९२ च्या अखेरीस तिची उपकरणे विक्रीस आणली. ध्वनिफितीची जागा घेणे हा तिचा उद्देश होता. फिलिप्स कंपनीची अंकीय ध्वनिफीत ही तिची प्रतिस्पर्धी पद्धती १९९६ मध्येच बंद पडली.

सु. ६४ मिमी. व्यासाची तबकडी प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमची बसविलेली असते. कानाला सहसा न जाणवणारे ध्वनी वगळून अंकीय माहिती सु. एकपंचमांश केली जात असल्यामुळे एवढ्या लहान तबकडीवर ७४ मिनिटांचे संगीत मावते. संकोचनाच्या या रीतीस ‘अॅट्रॅक’ म्हणतात. मुद्रणाच्या वेळी लेसर शलाकेने तापलेल्या बिंदूचे चुंबकत्व नाहीसे होते व थंड होताना तो वरील चुंबकीय शीर्षाने दिलेली दिशा धारण करतो. त्यामुळे तीच तबकडी पुनःपुन्हा वापरता येते. पुढील काही सेकंदांचा ध्वनी स्मृतीत आधीच साठविलेला असल्याने चालताना धक्का बसला, तरी गाणे तुटत नाही.

जपानबाहेर या पद्धतीचा प्रसार मर्यादितच राहिला. भारतात त्या काळी स्वस्त ध्वनिफितींचेच प्राबल्य होते. पुढे एमपी३ वादक आल्यावर मिनिडिस्क मागे पडली. सोनीने आपल्या वादकांचे उत्पादन २०१३ पर्यंत व कोऱ्या तबकड्यांचे उत्पादन २०२५ मध्ये थांबविले.

यामुळे वादक बाळगणाऱ्यापुढे एक अडचण उभी राहते. विकत घेतलेले गीत दुसऱ्या स्वरूपात पुन्हा मिळू शकते. स्वतः मुद्रित केलेला आवाज मात्र त्या एकाच तबकडीवर असतो. जुन्या तबकडीवरील असे मुद्रण संगणकात थेट उतरविण्याची सोय उत्पादकाने २००६ मधील ‘एमझेड-आरएच१’ या वादकातच दिली. इतर वादकांतून ते तारेने दुसऱ्या यंत्रात घ्यावे लागे व त्यास वादनाइतकाच वेळ लागे.

मौखिक परंपरा असलेल्या प्रदेशांत या अडचणीचे महत्त्व अधिक आहे. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी व जात्यावरच्या ओव्या मुख्यतः तोंडीच चालत आल्या. असोदे येथे जन्मलेल्या निरक्षर कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी घरच्यांनी लिहून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकली. कागद वाचण्यास यंत्र लागत नाही. तबकडीस ते लागते. म्हणून असे मुद्रण वादक चालू आहे तोवर सर्वत्र वाचता येणाऱ्या स्वरूपात उतरवून, त्याच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि सोबत गाण्याची लिखित संहिता जतन करणे इष्ट ठरते.